लोकसहभागी नगरनियोजन

वस्तीतला रस्ता कुठून जावा, मैदान कुठे राहावे, दवाखाना आणि मंडई कुठे असावी, हे ठरवण्यात तिथे राहणाऱ्या माणसांना वाटा देण्याची पद्धत. महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने शहराच्या विकास आराखड्याशी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘डीपी’शी जोडलेला आहे. आराखडा साधारण २० वर्षांसाठी असतो. नकाशात भरलेल्या एका रंगामुळे कुणाच्या घरावर आरक्षण पडते, म्हणजे ती जागा सार्वजनिक कामासाठी राखली जाते, कुणाच्या ओट्यावरून डीपी रस्ता जातो, आणि आळीतल्या पोरांना चेंडू खेळायला जागा उरणार की नाही तेही त्याच रंगावर ठरते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर मुंबई इलाख्याने १९१५ मध्येच नगररचनेचा कायदा केला होता. १९५४ च्या कायद्याने शहरांना विकास आराखडा करणे बंधनकारक झाले आणि आज लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. या कायद्यानुसार महापालिका किंवा नगरपालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कोणत्या जागेवर काय आहे याची पाहणी होऊन विद्यमान जमीनवापराचा नकाशा बनतो. त्यावरून प्रारूप आराखडा, म्हणजे मसुदा, तयार होतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना निघते आणि नागरिकांकडून ‘सूचना व हरकती’ मागवल्या जातात. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ यांची नियोजन समिती सुनावणी घेते. शेवटची मंजुरी राज्य शासनाची असते.

या क्रमात रहिवाशाला कायद्याने हमखास बोलता येते ते फक्त हरकतीच्या टप्प्यावर. तोवर नकाशा काढून झालेला असतो. सुनावणीला आलेल्या माणसाच्या पिशवीत काय असते ते पाहिले की याचा अर्थ कळतो: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, प्रारूप नकाशाची रंगीत झेरॉक्स, त्यावर आपल्या सर्व्हे नंबरभोवती लाल पेनाने काढलेला गोल, आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली अर्जाची पोच. बोलायला मोजकी मिनिटे मिळतात. साहजिकच तो आपल्या जागेपुरते बोलतो. शेजारच्या चाळीला दवाखाना हवा होता, ओढ्याकाठची वाट शाळेकडे जाते, हे सांगायला तिथे ना वेळ असतो ना सांगण्याजोगी खिडकी. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हरकतींची संख्या ८० हजारांच्या पुढे गेली. इतके लोक एकेका अर्जाने बोलतात, तेव्हा त्यांना आधी कुणी विचारले नव्हते हेच त्यातून दिसते.

आधी विचारावे, आधी चालून पाहावे, मग रेघ ओढावी, हा विचार इथे नवा नाही. स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात आले, अनेक शहरांतल्या गल्लीबोळांतून पायी फिरले, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. दाट वस्ती पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याला त्यांचा ठाम विरोध होता. एखादे पडीक घर काढावे, विहीर साफ करावी, पार बांधावा, झाड लावावे, पण वस्ती मोडू नये असा त्यांचा आग्रह असे. होळकरांच्या इंदूरचा अहवाल त्यांनी १९१८ मध्ये दिला. त्या वेळी शहरात प्लेगची भीती होती आणि नकाशे घेऊन फिरणाऱ्या या परक्या माणसाकडे लोक संशयाने बघत. तेव्हा त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि जाहीर केले, की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या भागातली घरे सर्वांत जास्त साफ आणि दुरुस्त होतील तिकडून जाईल. लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर काढल्या. मिरवणुकीत उंदराची मोठी प्रतिमाही होती असे सांगतात. शहराच्या आरोग्याचा बेत लोकांच्या हाताने कसा पुढे नेता येतो याचे इतके हृद्य उदाहरण विरळा.

मोजणीच लोकांनी करण्याचे मुंबईतले मोठे उदाहरण भायखळ्याचे आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८५ मध्ये लागला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवरच्या सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना केली. ही माणसे कुठून आली, काय काम करतात, किती वर्षांपासून तिथे आहेत, हे पहिल्यांदाच कागदावर आले. पुढे या वस्त्यांतल्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभारले, आणि जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालचे झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय महासंघटन त्यांच्या जोडीला आले. या बायकांनी आपल्याला हवे असलेले घर कागदावर काढले नाही. लाकडी चौकट आणि कापड वापरून त्यांनी ते खऱ्या मापात उभे केले. त्यात शिरून, बसून, हात पसरून पाहिले. जमीन थोडी मिळणार हे ठाऊक होते, म्हणून उंची १४ फूट धरली, म्हणजे वर माळा निघतो आणि मुले, पाहुणे, शिवणयंत्र यांची सोय होते. ते कापडी घर बघायला इतर वस्त्यांतले लोक आणि अधिकारीही आले. फुटपाथवर संसार केलेल्या बाईला चौरस फुटाची किंमत वास्तुविशारदापेक्षा नेमकी कळते, हे तिथे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

लोकसहभाग मोठ्या प्रमाणावर कसाला लागला तो मुंबईच्या तिसऱ्या विकास आराखड्यात. पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला, दुसरा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तुकड्यातुकड्यांनी. तिसऱ्याच्या वेळी महापालिकेने २०१२-१३ मध्ये विद्यमान जमीनवापराचे नकाशेच लोकांपुढे ठेवले. हे पाऊल मोलाचे होते, कारण आज काय आहे हे चुकले तर उद्याचे सगळे चुकते. ‘अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट’, ‘युवा’, ‘हमारा शहर मुंबई अभियान’ अशा संस्था आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतले गट ते नकाशे घेऊन बसले आणि चुका निघत गेल्या. झोपडपट्ट्या आतला तपशील न देता एकसंध ठिपक्यांसारख्या दाखवल्या होत्या, म्हणजे तिथल्या बालवाड्या, दवाखाने, शौचालये नकाशाला माहीतच नव्हती. अनेक गावठाणे आणि कोळीवाडे निसटले होते. कोळीवाड्यांची तक्रार फार मुळातली होती. बांबूच्या मांडवावर दोऱ्यांना लटकवून बोंबील वाळवायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी दुरुस्त करायची जागा, हा सगळा कोळीवाड्याचाच भाग आहे. परक्या नजरेला आणि उपग्रहाच्या छायाचित्राला ती मोकळी जमीन दिसते, आणि ‘मोकळी’ म्हटली की तिच्यावर काहीही आखता येते.

२०१४ च्या सुरुवातीला महापालिकेच्या २४ विभागांत बैठका झाल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला. हरकतींसाठी ६० दिवस होते. रस्ते इमारतींवरून गेलेले, प्रार्थनास्थळे आणि वारसा वास्तू चुकीच्या नोंदलेल्या, आरे वसाहतीत विकासकेंद्राचा प्रस्ताव, स्थानकांभोवती ८ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम. लोक खवळले. हरकती ६० हजारांच्या वर गेल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितले. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्या देखरेखीखाली सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या, आणि २०१८ मध्ये मंजुरी. पहिला मसुदा मागे घ्यावा लागण्याइतकी ताकद लोकांच्या अभ्यासात आली ती जमीनवापराचे नकाशे आधीच हाती पडले होते म्हणून. नुसत्या संतापातून इतकी नेमकी यादी निघत नाही.

पुण्यात लोकसहभागाने वेगळी वाट धरली. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकातला काही हिस्सा रहिवाशांच्या सभा ठरवू लागल्या. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत नियोजन खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून ‘नागरिकांचा सहभाग’ या नावाने अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याचा अर्ज सुरू केला. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, एका कामाची मर्यादा साधारण ५ लाख रुपये, आणि निवड प्रभाग समितीकडे. पदपथ, बसथांबा, दिवे, बाकडी, शौचालयाची दुरुस्ती अशी कामे त्यातून होतात. आपण सुचवलेला दिवा गल्लीच्या तोंडाशी लागलेला पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ५ लाखांत वस्तीचे भवितव्य ठरत नाही, आणि अर्जदारांनी समोरासमोर बसून आपसात अग्रक्रम लावावा अशी सभा या पद्धतीत मुळात नाही. अर्ज एकट्याचा असतो आणि निर्णय नगरसेवकांचा.

गोव्यात उलट घडले: विरोधातून सहभाग आला. २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये शेते, डोंगरउतार, खाजने (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनी) मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुली होताना दिसली. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा समावेश असलेल्या कृतिदलाने ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ ची बांधणी केली आणि गावोगावचे नकाशे पंचायतींकडे मतासाठी पाठवले. ग्रामसभांत नकाशे भिंतीला लागले. पाणंद, तळी, देवराई, भरतीचे पाणी कुठवर येते, हे वडीलधाऱ्यांनी बोटाने दाखवले. अंतिम आराखड्यात आपल्या नोंदी गळल्या अशी तक्रार पुढे बऱ्याच गावांनी केली, आणि २०१२ मध्ये नव्या सरकारने तोही आराखडा स्थगित ठेवला.

गोव्यातल्या गावाकडे निदान ग्रामसभा होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली, तीही ग्रामसभेतच. शहरी मोहल्ल्याला अशी जागा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या खऱ्या, पण त्यांत बसतात ते मुख्यतः नगरसेवक, आणि मोठ्या महापालिकांत एका समितीखाली लाखो माणसे येतात. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार तिचे सदस्य, नगरसेवक अध्यक्ष, आणि कोणते काम आधी व्हावे, दिवे, नळ, शौचालये कुठे असावीत हे सुचवण्याचा तिला अधिकार. कायद्यात ती आली, पण वस्तीत ती भरताना दिसत नाही. नागरिकांचे गट महापालिकांकडे निवेदने देऊन आपल्या भागाची क्षेत्रसभा बोलवा अशी मागणी करत आले आहेत.