बिळात राहणाऱ्या सापांची कवटी

जमिनीखाली माती सरकवत किंवा भेगा आणि वारुळांतून वावरत जगणाऱ्या सापांच्या कवटीची रचना, भ्रूणावस्थेपासूनची तिची वाढ आणि तिची उत्क्रांती हा या नोंदीचा विषय आहे. पाय नसलेल्या या प्राण्याजवळ माती रेटायला फक्त डोके असते आणि भक्ष्य पकडायचे तेही त्याच डोक्याने. कवटी घट्ट केली की जबडा आखडतो, जबडा मोकळा सोडला की तुंड, म्हणजे डोक्याचे पुढचे टोक, कमजोर पडते. ही ओढाताण वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या रीतीने सोडवली, म्हणून ‘बिळातल्या सापाची कवटी’ असा एकच नमुना दाखवता येत नाही.

विदर्भातल्या एकाच शेतात याची दोन टोके भेटतात. पहिल्या पावसानंतर उकिरड्यात, धुऱ्यावरच्या दगडाखाली किंवा वखरलेल्या ढेकळांत वळवळणारा वाळा बहुतेकांना गांडूळच वाटतो. तो बिनविषारी साप आहे. याची सर्वांत ओळखीची जात इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस जेमतेम वीतभर लांबीची असून तिच्यात सगळ्या माद्याच असतात; नराशिवाय त्यांची वीण चालते. याच कुळातला चोचीसारख्या तुंडाचा वाळा मात्र 60 सेंमी.पर्यंत वाढतो. दुसऱ्या टोकाला मांडूळ आणि दुरक्या घोणस हे जाड अंगाचे, उंदीर आवळून मारणारे साप.

पृष्ठभागावरच्या बहुतेक सापांत खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जुळलेले नसतात आणि जबडा क्वाड्रेट नावाच्या लांब, हलत्या हाडाला टांगलेला असतो. त्यामुळे डोक्यापेक्षा मोठे भक्ष्यही गिळता येते. वाळ्यात क्वाड्रेट पुढे झुकलेले असते, खालचा जबडा इवलासा आणि बिनदाती. दात फक्त वरच्या जबड्याच्या दोन छोट्या, सुट्या हाडांवर असतात. ही हाडे झपाझप मागेपुढे फिरतात आणि मुंग्या व वाळवीची अंडी, अळ्या घशात ओढतात. लेप्टोटिफ्लॉपिडी या जवळच्या कुळात नेमका उलटा प्रकार आहे. तिथे वरचा जबडा बिनदाती असून खालचाच ओढायचे काम करतो. जगण्याची रीत जवळपास तीच असताना यंत्रणा इतकी वेगळी असावी, हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

माती रेटताना येणारा दाब कोण पेलतो, यातही फरक आहे. वाळ्यात तुंडाची बाहेरची हाडे कवचासारखी जुळून तो पेलतात. पश्चिम घाटातल्या खापरखवल्या सापांत तो मधल्या अक्षातून मागे जातो आणि कवटीच्या मागची हाडे एकसंध झालेली असतात. मांडुळाचे तुंड पाचरीसारखे असले तरी जबडा पुरेसा उघडतो; त्याचे पूर्वज मोठे भक्ष्य गिळणारे होते आणि मातीत तो नंतर शिरला.

भ्रूणात आधी कवटीचा कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडाचा) तळ तयार होतो, छताची हाडे मात्र कूर्चेशिवाय थेट पातळ पडद्यासारख्या ऊतीतून घडतात. सापांत तळाच्या दोन कूर्चादांड्या अखेरपर्यंत वेगळ्या राहतात, दोन डोळ्यांमधला पडदा तयार होत नाही, आणि कपाळाची व माथ्याची हाडे बाजूंनी खाली वाढून मेंदूची पेटी बंद करतात. अजगरासारख्या सापात वाढीबरोबर क्वाड्रेट लांबते आणि जबड्याचा सांधा मागे सरकतो. वाळ्यात तसे फारसे होत नाही. मोठी मेंदूपेटी, मोठे कानाचे संपुट आणि आखूड जबडा ही भ्रूणाची ठेवण प्रौढातही टिकते. तरी त्याला केवळ वाढ खुंटलेला साप म्हणणे चूक ठरेल. त्याचे तुंड आणि वरच्या जबड्याची यंत्रणा या नव्याने घडलेल्या गोष्टी आहेत.

सापांचा मूळ पूर्वज बिळातला होता का, यावर मतभेद आहेत. 2015 मध्ये अर्जेंटिनातल्या डिनिलिसिया या जीवाश्म सापाच्या अंतर्कर्णावरून हा पूर्वज बिळात राहणारा असावा असे मांडले गेले. 2018 च्या कवट्यांच्या एका तौलनिक अभ्यासानुसार आजच्या सर्व सापांचा समान पूर्वज लहान कवटीचा, बिळात राहणारा होता, पण त्याच्याही मागचे पूर्वज जमिनीवरचे होते. 2019 मध्ये वर्णन झालेल्या नजाश या जीवाश्म सापाच्या कवट्यांनी मात्र मोठ्या तोंडाच्या पूर्वजाकडे बोट दाखवले.

या वादात भारतीय खडकांचाही वाटा आहे. गुजरातमधल्या लामेटा खडकात डायनोसॉरच्या घरट्यात सापडलेला सनाजे इंडिकस हा साप सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा. 2010 मध्ये जेफ्री विल्सन, धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. लांबी सुमारे साडेतीन मीटर, तरी तोंड आजच्या अजगराइतके उघडत नव्हते. म्हणजे अरुंद जबडा दिसला की साप बिळातलाच होता, असे धरता येत नाही. त्याच लामेटा खडकातून, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुरा इथून, मॅड्सोइया पिसदुरेन्सिस ही सापाची जात मणक्यांवरून ओळखली गेली. नाजूक, सुटी हाडे असलेल्या कवट्या जीवाश्मांत क्वचितच टिकतात, आणि उत्क्रांतीचा हा वाद लवकर न मिटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणतात आणि गुप्तधन, काळी जादू यांच्या नावाखाली त्याची तस्करी होते, हे फार क्लेशकारक आहे. त्याला कवटी एकच असते. दुसऱ्या टोकाला फक्त बोथट शेपटी असते आणि धोका दिसला की डोके लपवून तो ती पुढे करतो. बारकाईने पाहिले की डोळे आणि तोंडाची फट एकाच टोकाला दिसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार त्याला पकडणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे.