फिनलंड–बाल्टिक वायू बाजारपेठ

फिनलंड, एस्टोनिया व लाटव्हिया या देशांनी नैसर्गिक वायूच्या वहनासाठी स्वीकारलेली सामाईक दरव्यवस्था. तिची अंमलबजावणी १ जानेवारी २०२० पासून झाली.

हे देश दीर्घकाळ केवळ रशियन वायूवर अवलंबून होते. यूरोपीय संघाच्या २००९ च्या वायू निदेशातील विभक्तीकरणासारख्या (वायूचे वहन व विक्री वेगळ्या कंपन्यांकडे ठेवण्यासारख्या) तरतुदींतून त्यांना सवलत होती. तरीही लाटव्हियाने एप्रिल २०१७ मध्ये बाजार खुला केला आणि वहन व साठवण कोनेक्सस या स्वतंत्र कंपनीकडे दिली. त्याच वर्षी बाल्टिक देशांच्या (एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुएनिया) वायू विनिमयकेंद्रात वायूसोबतच सीमापार वहनक्षमता मिळू लागली. यामुळे एकत्रीकरणाचा आरंभ काही वेळा २०१७ पासून धरतात; परंतु सीमेवरील शुल्क कायम असताना बाजार एक झाला असे म्हणणे कठीण, म्हणून २०२० हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

जुन्या पद्धतीत वायू प्रत्येक सीमा ओलांडताना नवे शुल्क लागे, म्हणजे टोलवर टोल. नव्या व्यवस्थेत तिन्ही देशांच्या बाह्य प्रवेशबिंदूंवर समान दर ठेवून अंतर्गत सीमांवरील शुल्क शून्य केले. खरी अडचण येथून सुरू झाली. वायू ज्या देशातून आत येईल तेथील वहन कंपनीकडेच पैसा जमा होतो. नळ मात्र शेजाऱ्यांचेही वापरले जातात. त्यामुळे प्रवेशशुल्काचे उत्पन्न तिन्ही वहन कंपन्यांत वाटून घेण्याचे सूत्र ठरवावे लागले. वायू नलिकाजालातून बाहेर घेतानाचे निर्गमशुल्क प्रत्येक देशाकडेच राहिले. क्लाइपेदा येथे २०१४ पासून द्रवरूप वायूचे टर्मिनल असलेला लिथुएनियाही या वाटाघाटींत सहभागी होता. मात्र मुख्यतः वाटपाच्या प्रश्नावर एकमत न झाल्याने तो बाहेर राहिला.

दर एक झाले तरी सर्व नियम एक झाले नाहीत. व्यापाऱ्याने आत सोडलेला व बाहेर घेतलेला वायू जुळवण्याचे क्षेत्र एस्टोनिया–लाटव्हियाचे सामाईक आहे, फिनलंडचे वेगळे. त्यामुळे ‘एकल बाजारपेठ’ ही संज्ञा सैलपणेच वापरावी.

फिनलंडमधील इंको व एस्टोनियातील पाल्डिस्की यांना जोडणारी सुमारे ७७ किमी. लांबीची समुद्राखालील बाल्टिककनेक्टर नलिका या व्यवस्थेचा कणा होय. लाटव्हियातील इंचुकाल्न्स हे बाल्टिक देशांतील एकमेव भूमिगत साठवणकेंद्र तिच्यामुळे फिनलंडलाही वापरता येऊ लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नलिकेला इजा झाली व एप्रिल २०२४ पर्यंत ती बंद होती. त्या काळात फिनलंडची भिस्त इंको येथील द्रवरूप वायूच्या तरंगत्या टर्मिनलवर राहिली.