जन्मजात केंद्रीय अल्पश्वसन विकार

झोपेत श्वास आपोआप चालू ठेवणारी मेंदूतील यंत्रणा नीट काम करत नाही, असा दुर्मीळ जनुकीय विकार. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीसीएचएस’ म्हणतात. रॉबर्ट मेलिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. बाळ जागे असताना, रडताना गुलाबी दिसते. डोळा लागला की श्वास उथळ होतो आणि ओठ, नखे निळसर पडतात. फुप्फुसे, हृदय, स्नायू यांत काहीच दोष सापडत नाही, तरी व्हेंटिलेटर काढला की प्रत्येक वेळी पुन्हा लावावा लागतो. अशा नवजात बाळात या विकाराची शंका घ्यायलाच हवी.

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मस्तिष्कस्तंभातील (मेंदूच्या तळाच्या भागातील) पेशी ते ओळखून श्वास वाढवतात. या मुलांत ती दखलच घेतली जात नाही. गाढ झोपेत ही उणीव सर्वांत जास्त. तीव्र रूपात जागेपणीही श्वास अपुरा पडतो. घरच्यांना खरे फसवते ते हे, की मुलाला गुदमरल्याची जाणीवच होत नाही. न्यूमोनिया झालेले मूल धाप न लागता खेळत बसते आणि ऑक्सिजन मात्र घसरलेला असतो. म्हणून नजरेवर न विसंबता ऑक्सिमीटर आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र वापरतात. पाण्याखाली श्वास रोखून धरण्याची पैज तर जिवावर बेतू शकते, कारण वर यायची निकडच वाटत नाही.

चौथ्या गुणसूत्रावरील ‘पीएचओएक्स२बी’ जनुकातला दोष हे याचे कारण, हे २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात एका ठिकाणी ॲलनिन या अमिनो आम्लाचे (प्रथिनाच्या एका घटकाचे) २० रेणू सलग असतात. सुमारे ९० टक्के रुग्णांत ते २४ ते ३३ होतात. साखळी जितकी लांब, तितकी यंत्राची गरज सहसा अधिक. हृदय, आतडी यांचे काम आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेच्या घडणीतही या जनुकाचा वाटा असतो. त्यामुळे काही मुलांत मोठ्या आतड्याच्या भागात चेतापेशी नसतात, काहींच्या हृदयाचे ठोके मधेच काही सेकंद थांबतात आणि पेसमेकर बसवावा लागतो.

विकार बरा करणारे औषध नाही. नुसता ऑक्सिजन देणे धोक्याचे: रंग सुधारतो, पण कार्बन डायऑक्साइड साचतच राहतो. लहानपणी बहुधा गळ्याला छिद्र करून घरीच व्हेंटिलेटर लावतात. पुढे मास्कवर किंवा श्वासपटलाच्या (छाती व पोट यांमधील श्वासाच्या स्नायूच्या) चेतातंतूला विद्युत संदेश देणाऱ्या पेसरवर येता येते. दुपारची डुलकी किंवा गाडीतली पेंगसुद्धा यंत्राविना चालत नाही. वीज गेली तर बॅटरी तयार लागते, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग उशाशी लागते, आणि अलार्म वाजताच उठेल असे माणूस रोज रात्री जवळ लागते. या जागरणाचा भार बहुतेक आईवडिलांवरच पडतो. प्रशिक्षित परिचारिकेची मदत हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

बहुतेक रुग्णांत दोष नव्याने उद्भवतो, पण आई किंवा वडिलांच्या काही पेशींत तो लपलेला असू शकतो, म्हणून त्यांचीही तपासणी करतात. वेळेवर निदान झालेली मुले शाळा शिकून मोठी होतात. त्यांच्या प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.