मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचा जखमेचा जंतुसंसर्ग

मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी घेतलेल्या छेदाच्या जागी, साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत होणारा जंतुसंसर्ग. खोलीनुसार त्याचे तीन प्रकार मानतात. त्वचा आणि तिच्याखालच्या चरबीपुरता असेल तर उथळ, स्नायू व त्यांच्या आवरणापर्यंत गेला तर खोल, आणि रोपित मूत्रपिंडाभोवतीच्या पोकळीत शिरला तर अवयवालगतचा. वेगवेगळ्या केंद्रांच्या अहवालांत एकूण प्रमाण बहुधा ३ ते ११ टक्क्यांच्या दरम्यान आढळते. उथळ संसर्ग बहुतेक वेळा मलमपट्टीवर बरा होतो. मूत्रपिंड, प्रसंगी जीवही, जातो तो तिसऱ्या प्रकारात.

नवे मूत्रपिंड जुन्यांच्या जागी बसवत नाहीत. जुनी सहसा तशीच ठेवून नवे ओटीपोटाच्या एका बाजूला, बहुधा उजवीकडे, पोटाच्या अस्तराबाहेर ठेवतात. त्याची धमनी व शीर मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि मूत्रवाहिनी मूत्राशयात शिवतात. या जोडातून डीजे स्टेंट (लघवीची वाट उघडी ठेवणारी बारीक, मऊ नळी) घालतात. तो काही आठवड्यांनी दुर्बिणीने काढतात. रक्तवाहिन्या मोकळ्या करताना आजूबाजूच्या लसीकावाहिन्या (लसीका म्हणजे ऊतींतला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नीट बांधल्या गेल्या नाहीत तर लसीका झिरपते, मूत्रवाहिनीच्या टोकाला रक्तपुरवठा कमी पडला तर लघवी गळते, आणि डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नसल्याने रक्तही साचते. जंतूंना असे साचलेले पाणी आयतेच मिळते. म्हणून या शस्त्रक्रियेत संसर्गाचे मूळ त्वचेवर शोधण्याआधी आत काही साचले आहे का, ते पाहावे.

धोका सर्वांना सारखा नसतो. लठ्ठपणा (बॉडी मास इंडेक्स ३० च्या वर) हे सर्वांत ठळक कारण. चरबीला रक्तपुरवठा कमी आणि तिच्यात पोकळी राहून जाते. त्याखालोखाल मधुमेह, लांबलेली किंवा पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया, आणि नवे मूत्रपिंड लगेच सुरू न होणे. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. त्यांतल्या स्टेरॉइड व मायकोफेनोलेटमुळे जखम भरण्याचा वेग मंदावतो. त्यांतलेच सिरोलिमस तर जखम सांधणाऱ्या पेशींची वाढच रोखते. त्यामुळे पहिले काही आठवडे ते टाळणे शहाणपणाचे. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस (हेही त्याच गटातले) या दोन्हींनी साखर वाढते, त्यामुळे आधी मधुमेह नसलेल्यालाही तो जडू शकतो. भारतात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत, नात्यातल्या दात्यांकडून येतात. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत मात्र अतिदक्षता विभागातले चिवट जंतू आणि मूत्रपिंड ज्या द्रवात ठेवून आणतात त्याचे दूषण, हे दोन जादा मार्ग असतात. या द्रवात कँडिडा ही बुरशी असेल तर ती धमनीच्या जोडालाच पोखरते. म्हणून द्रवाचा नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवणे ही चांगली पद्धत.

त्वचेवरून येतात ते स्टॅफिलोकॉकस. लघवीच्या मार्गाने ई. कोलाय, क्लेबसिएला, एंटेरोकॉकस. आपल्याकडच्या रुग्णालयांत कार्बापेनेम या राखीव, प्रभावी अँटिबायोटिकांनाही दाद न देणारी क्लेबसिएला आढळते, त्यामुळे औषध अंदाजाने निवडून भागत नाही.

प्रतिबंध शस्त्रक्रियागृहातच करायचा असतो. केस काढायचेच असतील तर वस्तऱ्याने नव्हे, क्लिपरने. त्वचा अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने पुसून पूर्ण वाळू द्यायची. सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम (वजन १२० किलो वा अधिक असल्यास ३ ग्रॅम) छेदाआधीच्या ६० मिनिटांत शिरेतून देतात. एरवी ४ तासांनी दुसरा डोस लागतो. मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णात औषध रक्तात रेंगाळते, म्हणून इथे तो दरवेळी लागत नाही. २४ तासांनंतर हे औषध थांबवायचे. ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) निघेपर्यंत ते चालू ठेवण्याच्या सवयीने संसर्ग टळत नाही, फक्त चिवट जंतू पोसले जातात. शरीराचे तापमान ३६ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ न देणे आणि साखर १८० ते २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवणे, हेही तितकेच महत्त्वाचे. टाके नेहमीपेक्षा उशिरा, बहुधा दोन ते तीन आठवड्यांनी काढतात.

निदानात फसगत होते, कारण प्रतिकारशक्ती दाबलेली असते. ताप येईलच असे नाही, लाली फिकट असते, आणि पांढऱ्या पेशी स्टेरॉइडनेही वाढतात. टाक्यांतून पाणी येणे, छेदाजवळ टणकपणा, मूत्रपिंडावर दुखणे, त्या बाजूचा पाय सुजणे किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) चढणे, एवढ्यावरच सोनोग्राफी करावी. स्राव पाण्यासारखा, स्वच्छ असेल तरी फेकून देऊ नये. त्यातले क्रिएटिनिन मोजावे. रक्तात १.८ आणि स्रावातही १.८ च्या आसपास असेल तर ती लसीका. स्रावात १५ किंवा २० निघाले तर ती लघवी, आणि मग नुसत्या ड्रेसिंगने काही साधणार नाही. नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि जखम आठवडेच्या आठवडे वाहते, अशा वेळी क्षय व क्षयाशी नाते सांगणाऱ्या इतर मायकोबॅक्टेरियांची वेगळी तपासणी मागावी.

उपचाराची सुरुवात टाके उघडण्याने होते. पू काढून, मृत ऊती कापून जखम सलाइनने धुतात आणि खालून वर भरू देतात. मोठ्या जखमेला व्हॅक्यूम ड्रेसिंग (स्राव सतत शोषून घेणारी पट्टी) उपयोगी. मात्र रक्तवाहिनी उघडी असेल तिथे ते लावत नाहीत. खोल साठा सोनोग्राफीच्या आधाराने नळी घालून रिकामा करतात. जंतुरहित लसीकेचा साठा पोटाच्या पोकळीत उघडून देता येतो. संसर्ग झालेला मात्र बाहेरच काढायचा.

औषधे निवडताना दुहेरी अडचण असते. अमिकॅसिन, व्हॅन्कोमायसिन, अँफोटेरिसिन मूत्रपिंडालाच इजा करू शकतात. फ्लुकोनॅझोल व क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, रिफाम्पिसिनने इतकी घसरते की शरीर मूत्रपिंड नाकारू शकते. त्यामुळे अँटिबायोटिक बदलले की टॅक्रोलिमसची पातळी पुन्हा तपासतात. गंभीर संसर्गात मायकोफेनोलेट कमी किंवा बंद करतात. स्टेरॉइड मात्र एकदम तोडत नाहीत. धमनीच्या जोडाला संसर्ग होऊन ती फुगली, तर फुटण्याआधी मूत्रपिंड काढून टाकून रुग्णाला पुन्हा डायलिसिसवर घ्यावे लागते.