पारादोर की अल्हाम्ब्रा पॅलेस? ग्रानादात नावावर जाऊ नका

स्पेनमधल्या ग्रानादाचं ठरलं की प्रत्येकाला एकच हौस असते, राहायचं तर अल्हाम्ब्राच्या, म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या सुलतानांच्या किल्ल्याच्या आत, आणि मग बुकिंग करताना 'अल्हाम्ब्रा पॅलेस' असं हॉटेल दिसलं की हेच ते म्हणून लोक पैसे भरून मोकळे होतात. ते हे नव्हे बरं का. नावात पॅलेस आहे पण तिथे कधी कुठला सुलतान राहिलेला नाही, 1910 मध्ये हॉटेल म्हणूनच सुरू झालेली इमारत आहे ती, आणि तटबंदीच्या बाहेर, त्याच टेकडीच्या उतारावर. किल्ल्याच्या आत आहे ते पारादोर, आणि गंमत बघा, त्याचं नाव नुसतं 'पारादोर दे ग्रानादा', त्यात अल्हाम्ब्रा हा शब्दच नाही. (आत अजून एक छोटंसं हॉटेल आहे, पण घोळ होतो तो या दोघांतच.)

पारादोर म्हणजे काय ते आधी सांगतो. ही स्पॅनिश सरकारची हॉटेलं, समजा उद्या एमटीडीसीने जुने वाडे, गढ्या, मठ ताब्यात घेऊन तिथे खोल्या द्यायला सुरुवात केली तर कसं होईल, तसं. फक्त तिकडे हे 1928 पासून चालू आहे. पण पारादोर म्हणजे जुनी वास्तूच असेल असंही नाही हं, पहिलंच पारादोर ग्रेदोसच्या डोंगरात नवीन बांधलेलं होतं.

ग्रानादाचं मात्र अस्सल जुनं. मुळात तिथे नासरी सुलतानांचा, म्हणजे ग्रानादावर राज्य करणाऱ्या मुस्लिम घराण्याचा, एक महाल, 1492 मध्ये ग्रानादा पडल्यावर ते जिंकणाऱ्या राणी इसाबेल आणि राजा फर्नांदोने तिथे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा मठ करवला, आणि 1504 मध्ये इसाबेल वारली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिला इथेच पुरलं. हो, कोलंबसला पाठवणारी तीच राणी. 1521 मध्ये तिला खाली शहरातल्या कापिया रेआलमध्ये, म्हणजे शाही चॅपेलमध्ये हलवलं, पण जागा अजून दाखवतात, उघड्या आभाळाखाली एक शिळा आणि भोवती जुन्या नक्षीचे अवशेष. हॉटेल झालं 1945 मध्ये. खोल्या जेमतेम चाळीस, त्यामुळे दरही तसेच आणि बुकिंग फार आधी करावं लागतं. आणि एक सांगून ठेवतो, खोलीत नक्षीदार कमानी वगैरे शोधायला जाल तर हिरमुसाल, शेवटी मठ तो, साधाच.

कमानी हव्यात तर त्या अल्हाम्ब्रा पॅलेसमध्ये! सान पेद्रो दे गालातिनोच्या ड्यूकने हे बांधलं, उद्घाटनाला राजा तेरावा आल्फोन्सो आला होता, आणि सगळा थाट अल्हाम्ब्राची नक्कल, टाइल्स काय, घोड्याच्या नालेसारख्या कमानी काय. म्हणजे जे खरं जुनं ते साधं आणि जे मागाहून आलं ते नटलेलं. पण नक्कल म्हणून नाक मुरडू नका, आपलं मुंबईचं ताज 1903 चं, तेही घुमट लावून नटलेलंच आहे की, आणि आज त्याला ऐतिहासिक म्हणताना आपण अडखळतो का? शिवाय या हॉटेलचा स्वतःचा इतिहास आहेच, 1922 च्या जूनमध्ये इथल्या छोट्याशा थिएटरमध्ये कवी लोर्काने आपल्या कविता वाचल्या आणि नामवंत गिटारवादक आंद्रेस सेगोवियाने गिटार वाजवली, मला विचाराल तर एवढ्यासाठीसुद्धा आत डोकवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्हीपैकी कुठेही राहिलात तरी अल्हाम्ब्राचं तिकीट त्यात येत नाही, पारादोरमध्ये अगदी किल्ल्याच्या आत झोपलात तरी नाही. तिकीट वेगळं, नावावर, पासपोर्ट नंबर देऊन घ्यायचं, आणि नासरी महालांसाठी ठरलेली वेळ मिळते, ती चुकली की गेली. पाचव्या चार्ल्सचा महाल आणि काये रेआल हा रस्ता मात्र विनातिकीट फिरता येतो, आणि पारादोर नेमकं त्याच रस्त्यावर असल्यामुळे संध्याकाळी दिवसभराचे ग्रुप उतरून गेले की तो शांत रस्ता तुमचाच. पैसे मोजायचे ते यासाठी, खोलीसाठी नाही.

माझं मत विचाराल तर एकच रात्र असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर पारादोर, दोन-तीन दिवस राहून रोज खाली शहरात जेवायला-भटकायला जायचं असेल तर पॅलेस बरं, तिथून रेआलेखो मोहल्ला उतरला की आला (चढताना दम लागतो ते वेगळं). आणि दोन्ही परवडत नसेल तर खाली कुठेही राहा आणि पॅलेसच्या गच्चीवर नुसती कॉफी घ्या, समोर अख्खं शहर पसरलेलं दिसतं, राहणारे नसलात तरी बसू देतात. टॅक्सीवाल्याला मात्र नुसतं 'अल्हाम्ब्रा' सांगू नका, पारादोर की पॅलेस ते स्पष्ट सांगा, आणि हो, मधला ह ते लोक उच्चारत नाहीत, 'अलाम्ब्रा' म्हणतात.