घाम, राख आणि कुळथाचं मडकं

अकोल्याहून रत्नागिरीला बदली झाली तेव्हा टेम्पोत सगळ्यात आधी चढवला तो कूलर. अकोल्यात मे महिना कूलरशिवाय काढायचा हा विचारही कुणी करत नाही. नव्या घरात आल्या आल्या तो खिडकीत बसवला, टाकी भरली, ताट्या भिजवल्या आणि बटण दाबलं. तासाभरात खोली थंड झाली नाहीच, पण उशीचे अभ्रे दमट लागायला लागले आणि अंगाला चिकचिक सुटली. भिंतीवरचा तापमापक ३३ अंश दाखवत होता. ४४ अंशांत वाढलेला मी ३३ अंशांत कासावीस झालो होतो.

शेजारच्या काकू आवाज ऐकून दारात आल्या. "अहो, बंद करा तो. इथल्या हवेत आधीच काय कमी पाणी आहे?"

त्याच आठवड्यात घरातल्या इतर रहिवाशांचीही ओळख झाली. साखरेच्या डब्याला मुंग्या, मोरीत झुरळं आणि मुगाच्या डब्यात भुंगेरे. गावाकडे आजी धान्यात राख घालायची, ते आठवलं म्हणून चाळलेली राख मोरीच्या कोपऱ्यांत पसरली. पावसाळा लागला होता. झुरळं त्या राखेवरून निवांत फिरत राहिली. कूलर चालला नाही, राखही चालली नाही. या दोन्हींचं कारण एकच आहे हे कळायला मला बराच काळ लागला, आणि ते कळल्यापासून मी ते भेटेल त्याला सांगत असतो.

आधी माणसाचं बघू. नुसतं बसून असलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, जुन्या काळच्या १०० वॅटच्या बल्बइतकी. ती बाहेर टाकलीच पाहिजे. हवा कातडीपेक्षा थंड असेल तर थोडी आपोआप जाते, नाहीतर घाम हा एकच मार्ग उरतो. एक लीटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला तासाला जेमतेम कपभर घाम पुरावा. अट एकच, तो सुकला पाहिजे. जो घाम हनुवटीवरून ठिबकतो आणि गंजिफ्रॉकात मुरतो, त्याने शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं जातं, गारवा मात्र मिळत नाही.

घाम किती वेगाने सुकेल हे कातडीलगतच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यांतल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या कातडीशी हा दाब साधारण ५.६ किलोपास्कल असतो. अकोल्याची ४४ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची दुपार घेतली तर हवेतल्या वाफेचा दाब येतो १.४ च्या आसपास. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो येतो ३.५. वजाबाकी करा. तिकडे ४.२, इकडे २.१. वारा सारखाच असेल तर अकोल्याला घाम रत्नागिरीच्या दुप्पट वेगाने उडतो. कूलरचंही तेच. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा ज्या तापमानावर उतरून थांबतो, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि कूलर हवेला त्याखाली नेऊच शकत नाही. अकोल्याच्या त्या दुपारी ते २३ अंश असतं, रत्नागिरीच्या दुपारी २८. एकीकडे ४४ वरून २३ कडे जायला वाव आहे, दुसरीकडे ३३ वरून २८.

याचा अर्थ अकोल्याचं ऊन निरुपद्रवी असा कुणी काढू नये. तिथली हवा कातडीपेक्षा गरम असते, ती वरून उष्णता ओतत राहते, पाणी झपाट्याने जातं आणि ऊन लागून माणसं दगावतात. पण 'मुंबईत कुठे एवढी गरमी असते, पारा तर ४० च्या आतच असतो' हे वाक्य ऐकलं की मला नवी मुंबईतलं खारघर आठवतं. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मैदानात भर दुपारी माणसं तासन्तास उन्हात बसली. पारा ३८ च्या आसपास होता. १४ जणांचा जीव गेला. किनाऱ्यावरच्या ३८ अंशांना विदर्भाच्या ३८ अंशांची मोजपट्टी लावायची नसते.

आता किड्यांकडे येऊ. माणसाची अडचण ही की पाणी बाहेर पडून सुकत नाही. किड्याची अडचण नेमकी उलटी आहे, त्याच्या अंगातलं पाणी टिकत नाही. याचं मूळ आकारात आहे. १७० सेंटिमीटरचा माणूस आणि १.७ मिलिमीटरची मुंगी घ्या. लांबी हजार पटींनी कमी झाली की पृष्ठभाग दहा लाख पटींनी कमी होतो, पण वजन शंभर कोटी पटींनी. म्हणजे वजनाच्या मानाने मुंगीचा पृष्ठभाग आपल्या हजार पट. तिची कातडी आपल्यासारखी असती तर उन्हातल्या ओट्यावरून ती साखरेपर्यंत पोचलीच नसती, वाटेतच वाळून गेली असती.

ती वाळत नाही, कारण तिच्या अंगावर मेण आहे. कीटकाच्या कवचाच्या अगदी वरच्या थरात एका मायक्रोमीटरहूनही पातळ असा मेणाचा लेप असतो. माणसाचा केस याच्या शंभर पटींच्या आसपास जाड. या मेणात प्रामुख्याने हायड्रोकार्बनच्या लांबलचक साखळ्या असतात, वीस-पंचवीसपासून चाळीसच्या घरातले कार्बन अणू एकामागे एक. सरळ साखळ्या पेटीतल्या अगरबत्त्यांसारख्या एकमेकींना घट्ट लागून बसतात आणि पाण्याच्या रेणूला मधून वाट मिळत नाही. साखळीला फांदी असेल किंवा दुहेरी बंधामुळे ती वाकलेली असेल तर रचना सैल पडते. खोबरेल तेल थंडीत बाटलीत थिजतं आणि शेंगदाण्याचं थिजत नाही, त्यामागेही हीच गोष्ट आहे. खोबरेलात सरळ साखळ्या जास्त.

आणि खोबरेल जसं २४-२५ अंशांना वितळतं, तसं कीटकाचं मेणही विशिष्ट तापमानाला सैल पडतं. १९३५ मध्ये रॅमसे नावाच्या शास्त्रज्ञाने झुरळाच्या अंगातून पाणी किती उडतं ते वेगवेगळ्या तापमानांना मोजलं. साधारण ३० अंशांपर्यंत ते हळूहळू वाढत गेलं आणि त्यापुढे एकदम उसळलं. स्निग्ध थराची घट्ट रचना तिथे मोडत होती. झुरळ दिवसा गटारात, कपाटामागे, मोरीच्या जाळीखाली का बसतं आणि रात्री ओट्यावर का येतं, याचं एक उत्तर या आलेखात आहे. अन्नाविना झुरळ जितके दिवस काढतं त्याहून कितीतरी कमी दिवस ते पाण्याविना काढू शकतं. म्हणून रात्री ओटा आणि मोरी कोरडी पुसून ठेवणं हा नुसता टापटिपीचा भाग नाही, तो झुरळाच्या वर्मावरचा घाव आहे.

मला सगळ्यात थक्क केलं ते या मेणाच्या लवचिकतेने. अमेरिकेच्या वाळवंटी भागात दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या असतात. वारुळाबाहेर उन्हात हिंडणाऱ्या कामकरी मुंग्यांच्या अंगावर सरळ साखळ्यांचं प्रमाण आत काम करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतं, आणि मुंग्यांना गरम-कोरड्या हवेत ठेवलं तर ते वाढतं. म्हणजे मुंगीलाही हवा मानवते, ती आपल्या लेपाची कृती बदलून घेते. वर याच मेणाचा वास हे तिचं ओळखपत्र. आपल्या वारुळाची कोण आणि परकी कोण, हे मुंग्या मिशांनी एकमेकींचं मेण हुंगून ठरवतात.

आता राख. १९४०च्या दशकात व्हिन्सेंट विगल्सवर्थ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने रोड्नियस नावाच्या, दक्षिण अमेरिकेतल्या रक्तपिपासू किड्यावर प्रयोग केले. हा किडा आपल्या ढेकणाचा लांबचा नातलग. त्याला बारीक खनिज भुकटीवर चालायला सोडलं की तो झपाट्याने वाळायचा. भुकटी विषारी नव्हती. मेलेला किडा त्याच भुकटीवर नुसता पडून राहिला तर मात्र तसा वाळायचा नाही. म्हणजे किडा चालतो तेव्हा कणांवर घासून स्वतःच स्वतःचा लेप खरवडून घेतो. मेणाला सूक्ष्म ओरखडे पडले की तेवढ्याच जागांतून पाणी निसटायला लागतं. आपल्या आज्यांनी धान्यात मिसळलेली राख हेच करते, शिवाय दाण्यांमधल्या फटी भरून किड्याची वाटही अडवते.

पण विगल्सवर्थच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती. लेप खरवडलेला जिवंत किडा दमट हवेत ठेवला तर तो वाळत नाही. आणि तेवढ्या उसंतीत तो नवं मेण स्रवतो आणि ओरखडे बुजवून टाकतो.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातली ती मोरी आली. राखेने तिचं काम केलं असेलही, पण हवेत वाफेला जागाच नव्हती. जी वजाबाकी माझ्या घामाला आडवी आली तिनेच झुरळाला वाचवलं होतं.

मुंग्यांवर साबणाचं पाणी मात्र पावसाळ्यातही चालतं, कारण ते हवेच्या भरवशावर नाही. साबण मेणाला पाण्याशी जोडतो आणि एरवी मुंगीच्या अंगावरून ओघळून जाणारं पाणी तिच्या श्वासरंध्रांत शिरतं. बाजारात मिळणारा मुंग्यांचा खडू ही वेगळीच वस्तू आहे. ती 'रेषा' मुंगी ओलांडत नाही असं काही नसतं. त्या खडूत डेल्टामेथ्रिनसारखं मज्जासंस्थेवर काम करणारं कीटकनाशक असतं, तो पोळपाटाशेजारी ओढायचा नाही.

आणि प्लगमध्ये लावायची ती 'अल्ट्रासॉनिक' यंत्रं घेऊ नका, ही कळकळीची विनंती. न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास, झुरळं, मुंग्या सगळे पळतात हा दावा चाचण्यांत टिकलेला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच ती बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना पुराव्याबद्दल तंबी दिली होती. त्यापेक्षा ट्यूबलाइटमागची पाल घराच्या जास्त उपयोगाची. पंचांगात अजूनही पल्लीपतनाची फळं छापली जातात, खांद्यावर पडली तर अमुक आणि डोक्यावर पडली तर तमुक, आणि त्या भीतीपोटी घराघरांतून पालींवर झाडू चालतो. पालीला तुमच्या भविष्याशी देणंघेणं नाही, तिचं लक्ष दिव्यावर येणाऱ्या किड्यांवर असतं.

माणसाला रत्नागिरी मानवायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. मुंगी मेण बदलते, आपण घाम बदलतो. रोज थोडा वेळ उकाड्यात हालचाल झाली की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण घामग्रंथी ते वाटेतच परत खेचून घेतात. म्हणून पहिल्या आठवड्यात दमायचं काम नको, पाणी आणि मिठाचं ताक हवं, अंगात सैल सुती कपडे आणि डोक्यावर पंखा. पंखा हवा थंड करत नाही, कातडीलगत साचलेली दमट हवा तेवढी हलवतो, आणि कोकणात तेच हवं असतं. मात्र या सवयीलाही हद्द आहे. वेट बल्ब तापमान ३५ अंशांवर गेलं तर निरोगी माणूसही सावलीत बसून फार तास तग धरू शकत नाही, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत शरीराचं तापमान ३१ च्या आसपासच चढायला लागलेलं दिसलं. रत्नागिरीच्या २८ पासून ३१ लांब नाही.

राखेचं कोडं काकूंच्या माळ्यावर सुटलं. त्यांच्याकडे कुळीथ मडक्यात राखेत ठेवतात. पुढच्या मे महिन्यात मी त्यांना हाताशी मदत केली. कुळीथ आधी चार दिवस अंगणात कडक उन्हात. दाणा दाताखाली टचकन फुटला पाहिजे, चावला जाता कामा नये. उन्हात तापलेल्या दाण्यांतले किडे पन्नाशीच्या तापमानाला तसेही फार वेळ टिकत नाहीत. मग चुलीतली लाकडाची राख, मलमलीतून चाळलेली, इतकी बारीक की बोटांना पीठच वाटावं. दाण्याच्या आत पोखरत बसलेल्या अळीला ती काही करत नाही. ती अळी पिष्ट आणि स्निग्धांश जाळून त्यातूनच पाणी मिळवते, १ ग्रॅम चरबी जळली की १ ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी तयार होतं. पण भुंगेरा होऊन ती गोल भोक पाडून बाहेर आली की चारी बाजूंना राख आणि खणखणीत कोरडी हवा.

मडकं भरल्यावर काकूंनी तोंडावर झाकण ठेवून कडेने शेणमाती लिंपली. मिरगाआधी लागतील तेवढे कुळीथ त्यांनी वेगळे काढून डब्यात भरले होते.

"आणि मध्येच संपले तर?" मी विचारलं.

"तर नाही खायचे. दसऱ्यापर्यंत या मडक्याला हात लावायचा नाही. पावसाची हवा आत गेली की झालं."