मेथोट्रेक्सेट : रोज नाही, आठवड्यातून एकदाच

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, मनगटं सुजलेली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, अंगावर काढला तर सांधे कायमचे वाकडे होतात. त्यावर जगभरचे डॉक्टर बहुधा सर्वांत आधी मेथोट्रेक्सेट देतात. औषध स्वस्त आहे, गुणकारी आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

हे औषध मुळात कर्करोगाचं. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी फॉलिक आम्लाचं काम अडवणारी रसायनं तयार करत होते. त्यातलं अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातलं. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली.

कर्करोगात कधीकधी ते ग्रॅमच्या हिशोबात देतात. आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. मग एवढीशी गोळी रोज घेतली तर बिघडतं कुठे? नवी पेशी तयार व्हायला फॉलिक आम्ल लागतं आणि मेथोट्रेक्सेट नेमकं तेच अडवतं. ते पेशींच्या आत साठून राहतं. अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्तपेशी तयार करणारा गर), तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर इथल्या पेशी सतत नव्याने घडत असतात. दोन मात्रांमधल्या दिवसांत त्या सावरतात. रोज गोळी गेली की ती उसंतच मिळत नाही. आधी तोंड येतं, जुलाब होतात, मग पांढऱ्या पेशी घटून ताप येतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावं. फोलिनिक आम्ल (नेहमीचं फॉलिक आम्ल नव्हे) हा उतारा आहे आणि तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी.

चूक होते ती घरातच. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत दिलेली फॉलिक आम्लाची गोळीही बरेचदा तशीच लहान, पिवळी असते, आणि दोन्ही एकाच डब्यात पडतात. शिवाय गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर दुखणं वाढलं की ‘आज एक जास्त घेऊ’ असं वाटतं. तसं करू नका. वार ठरवा, तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर अक्षरांत लिहून घ्या, ‘रविवार’ असा, आणि पाकिटावरही लिहा. आजी-आजोबांच्या गोळ्या दुसरं कुणी काढून देत असेल, तर त्यालाही हे ठाऊक हवं.

रक्तातल्या पेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) यांच्या तपासण्या, बरं वाटत असलं तरी, टाळू नयेत. मूत्रपिंड मंदावलं तर औषध शरीराबाहेर नीट पडत नाही. दारू यकृतावरचा ताण वाढवते. गर्भारपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बरंच आधी बोलायला हवं. कोरडा खोकला आणि धाप नव्याने सुरू झाली तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा, फुप्फुसाला सूज आलेली असू शकते.

आणखी एक नाव ध्यानात ठेवा : कोट्रायमोक्साझोल. लघवीच्या जंतुसंसर्गावर सहज दिलं जाणारं हे अँटिबायोटिकही फॉलिक आम्लाच्याच वाटेत आडवं येतं, आणि दोन्ही एकत्र पोटात गेली तर अस्थिमज्जा कोलमडू शकते. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी दाताच्याही, गेलात तर आपण मेथोट्रेक्सेट घेतो हे आधी सांगा.